फी वेगळी का?

एकाच वर्गात दोन विद्यार्थी शिकतात. एकाची फी कमी, तर दुसऱ्याची कितीतरी जास्त! पुणे विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना जास्त फी भरावी लागते. इंग्लंडमध्येही तसेच आहे. नॉर्वेच्या सरकारी विद्यापीठांत पूर्वी परदेशी विद्यार्थ्यांनाही शिक्षण मोफत होते. २०२३ पासून युरोपबाहेरून येणाऱ्यांना तेथेही फी द्यावी लागते. हा अन्याय आहे का?

मला तसे वाटत नाही. सरकारी कॉलेज लोकांच्या कराच्या पैशावर चालते. सिरसाळ्याच्या बाजारात साबणाची वडी विकत घेणारा ऊसतोड मजूरही कर भरतो. थेंबे थेंबे तळे साचे. म्हणून त्याच्या मुलीला कमी फीत मिळणारे शिक्षण ही खैरात नव्हे. तो तिचा हक्क आहे. परदेशी पालकांनी हा कर भरलेला नसतो.

मात्र जास्त फीचा पैसा कोठे जातो, हेही पाहिले पाहिजे. खासगी व्यावसायिक कॉलेजांत परदेशी राहणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी जास्त फीच्या जागा असतात. पुण्याच्या पी. ए. इनामदार यांच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशा जागा १५ टक्क्यांहून जास्त नसाव्यात आणि त्यांचा पैसा गरीब विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावा. हीच खरी कसोटी आहे.

मित्रांनो, उद्या कॉलेजात जाल तेव्हा मान खाली घालू नका. तुमच्या फीचा काही भाग तुमच्या आईवडिलांनी आधीच भरलेला आहे.