चर्चच्या माळ्यावर कोण असतं?

नाताळच्या रात्री तुम्ही कधी ख्रिस्ती मित्राबरोबर मिस्सेला गेला असाल तर आठवून बघा. गव्हाणीचे फोटो काढले, दोन-चार ओळखीचे चेहरे भेटले, आणि मग अचानक गाणं सुरू झालं. आवाज समोरून येत नव्हता. तुम्ही मान वळवून मागे, वर पाहिलं. वसईतल्या किंवा गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या चर्चमध्ये गायनवृंदाची जागा मुख्य दरवाजाच्या वर, लाकडी माळ्यावर असते. म्हणजे गाणाऱ्यांना सगळ्या गावाच्या पाठीच दिसतात, आणि गावाला गाणारे दिसतच नाहीत.

मी त्या माळ्यावर आल्टोत गाते. मागच्या नाताळला माझा छोटासा सोलो होता. कुणीतरी रील टाकली, ती बरीच फिरली. कमेंट्समध्ये 'काय आवाज आहे यार' वगैरे. मी खूश. पण त्या संध्याकाळी माझा घसा पार बसला होता, हे रीलमध्ये नाही. मिस्सेच्या अर्धा तास आधी आमच्या कीबोर्डवाल्या सरांनी गाणं 'डी'वरून 'सी'वर उतरवलं. तुम्ही म्हणाल, त्यात काय, कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं. असतं. पण माणसांना बटण नसतं ना! आम्ही चार भागांत गातो. माझी सोय झाली तशी खालच्या आवाजातल्या बासवाल्यांची पंचाईत झाली, त्यांना तळाचा सूर मिळेना. सरांनी जिन्यात उभं राहून त्यांच्या दोन ओळी बदलून दिल्या, पेन्सिलीनं, चार झेरॉक्सवर. रीलमध्ये सरांचा डावा हात तेवढा दिसतो, कोपऱ्यात.

हे सर रोज विरार-चर्चगेट करतात. बुधवारी ट्रेनमध्ये येत्या रविवारची वाचनं बघून गाणी निवडतात, कारण कुठलंही गाणं कधीही चालत नाही. आगमनकाळात ग्लोरिया गायचं नाही, उपवासकाळात ग्लोरियाही नाही आणि आलेलुयाही नाही. पवित्र गुरुवारच्या ग्लोरियानंतर वाद्यं थांबतात ती थेट ईस्टरच्या रात्रीच्या ग्लोरियालाच पुन्हा वाजतात. गुड फ्रायडेला आम्ही नुसत्या आवाजावर उभे असतो. सर कानाशी ट्युनिंग फोर्क धरून आधी स्वतः गुणगुणतात आणि तो सूर आमच्यापर्यंत पोचवतात. माळ्याखाली कुणाला पत्ताही नसतो. शनिवारी प्रॅक्टिस, आणि मध्येच कुणी वारलं तर कामाच्या दिवशी अंत्यविधीची मिस्सा. तिथे 'रजा मिळत नाही' म्हणायची सोय नाही. म्हणजे असते, पण सर म्हणत नाहीत.

आता मला खटकणारी गोष्ट. आपल्याकडे यासाठी एक मोठा गोड शब्द आहे, 'सेवा'. सेवा म्हटलं की पुढचे सगळे प्रश्न मिटतात. लग्नात डेकोरेटरला अॅडव्हान्स, फोटोग्राफरला अॅडव्हान्स, डीजेला तर वेळ वाढली की जादा पैसे. आणि ऑर्गन वाजवणाऱ्याला? 'ते आपलेच आहेत की!' एका लग्नात सरांना रिकाम्या हाती परत येताना मी पाहिलंय, तेही स्वतःचा कीबोर्ड रिक्षात घालून. ते काही बोलले नाहीत. पण त्यांनी दिलेली वस्तू फुकटची आहे असं आपण का धरून चालतो? सेवा करणाऱ्यानं मोबदला मागू नये हे ठीक. पण घेणाऱ्यानं विचारूच नये, हे कुठल्या धर्मात बसतं?

हे फक्त कॅथलिकांपुरतं आहे असंही नाही. पुण्या-नगरच्या मराठी प्रोटेस्टंट चर्चमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं आजही गातात. टिळकांचं नाव सगळ्यांना ठाऊक, पण दर रविवारी पेटी कोण धरतं ते विचारा. तुमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या पखवाजवाल्याचं नाव तरी तुम्हाला माहीत आहे का?

आणि हे लोक नुसती गाणी वाजवत नाहीत, माणसं घडवतात. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवणारे 'मेस्त्रे' असत. (आपला 'मिस्त्री' त्याच शब्दाचा भाऊ.) तिथल्या शिकवणीवर तयार झालेले कितीतरी वादक पुढे मुंबईच्या सिनेमात आले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या अमिताभच्या नावातून आपल्या गुरूची आठवण ठेवून गेले. ते गाणं आपण सगळे नाचत म्हणतो. ते नाव एका खऱ्या संगीतशिक्षकाचं आहे, हे कितीजणांना माहीत असतं?

आमच्या माळ्यावर सध्या टेनरमध्ये दोघंच उरलेत. सरांची पन्नाशी उलटलीय, बोटं दुखतात. मागच्या महिन्यात कुणीतरी सुचवलं, रेकॉर्डेड ट्रॅक लावू या, सोपं पडेल. सोपं पडेल, खरंय. पण बसलेला घसा ऐकून ट्रॅक पट्टी उतरवत नाही.

तेव्हा मला तुमच्याकडून टाळ्या नकोत, चर्चमध्ये त्या अवघडल्यासारख्याच वाटतात. तुम्ही गात असाल तर शनिवारी या. गिटार किंवा कीबोर्ड शिकत असाल तर एक रविवार तरी सरांच्या शेजारी बसा, पानं उलटा. घरात लग्न ठरत असेल तर बजेटच्या यादीत एक ओळ वाढवा, हॉलच्या खाली आणि डीजेच्या वर. आणि यातलं काहीच जमत नसेल, तर यंदा नाताळच्या रात्री मिस्सा संपल्यावर केकच्या रांगेत लागण्याआधी तो अरुंद जिना चढून वर या. वायरी गुंडाळायला, स्टँड मिटायला आम्ही चौघंच असतो, आणि स्पीकर भयंकर जड आहे.