आधी दार, मग रंगरंगोटी

वेबपेज बनवायला शिकणाऱ्या पोरांचा सध्या एकच धोशा. फ्रेमवर्क कुठलं? ॲनिमेशन कसं करायचं? क्लासवालेही तेच विकतात. तीन महिन्यांत डिझायनर! एचटीएमएल म्हणे दोन दिवसांचं काम. मी म्हणतो, सगळी बोंब इथंच आहे.

कुठली ओळ मथळा, कुठला परिच्छेद, कुठलं बटन, हे ब्राउझरला सांगायची भाषा म्हणजे एचटीएमएल. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्नमध्ये वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ती साऱ्या जगाला फुकट खुली केली. रंगरूपाची सीएसएस प्रमाण ठरली ती १९९६ साली. तोच क्रम शिकण्यातही हवा. आधी अर्थ, मग रूप, शेवटी जावास्क्रिप्टची हालचाल.

आपले शहाणे काय करतात? जिथं तिथं डिव्ह ठोकतात. डिव्हलाच रंग फासून बटन म्हणतात. माऊसवाल्याचं काम भागतं. पण जो आंधळा माणूस स्क्रीन रीडरवर पान ऐकतो, त्याच्या कानाला ते बटन कळतच नाही. कीबोर्डच्या टॅबने जाणारा तिथं पोचतच नाही. खरं बटन लिहिलं असतं तर ब्राउझरने हे सगळं आपणहून केलं असतं. आळस तुमचा आणि भुर्दंड त्याला, हा कुठला न्याय?

म्हणून पहिल्या दिवसापासून हाताला वळण लावा. मथळे क्रमाने लिहा. चित्र काही सांगत असेल तर ते ऑल्टमध्ये शब्दांत लिहा. फॉर्मच्या प्रत्येक रकान्याला लेबल द्या. रकान्यातली फिक्कट सूचना टाइप करायला लागताच गायब होते, मग माणूस विचारत बसतो, इथं नाव लिहायचं की गाव? करड्यावर करडं लिहून नजाकत दाखवू नका. डब्ल्यूसीएजी नियमावली साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट मागते.

आणि आपली मराठी? पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवा, म्हणजे वाचणाऱ्या यंत्राला उच्चार कळेल. इंग्रजी नमुन्यातलं अक्षरांमधलं जादा अंतर तसंच उचललंत तर शिरोरेषा तुटते. ओळी दाटीवाटीने बसवल्यात तर वरची वेलांटी अन् खालचा उकार एकमेकांना भिडतात.

परीक्षा सोपी आहे. माऊस बाजूला ठेवा. सीएसएस बंद करा. स्वस्तातल्या फोनवर, रडतखडत चालणाऱ्या नेटवर पान उघडा. तरी वाचता आलं, फॉर्म भरता आला, तर पाया पक्का.

हे कुणावर उपकार म्हणून करायचं नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ही सुगमता हक्क म्हणूनच लिहिलेली आहे. ज्या पानात सगळ्यांना शिरता येत नाही, ते नटवत बसू नका. मोडा अन् पुन्हा लिहा.