बळकावलेल्या जमिनीचा फेरफार

युक्रेनमधील युद्ध थांबवण्यासाठी अमेरिकेने नोव्हेंबर 2025मध्ये 28 कलमांचा मसुदा पुढे केला. क्रिमिया, लुहान्स्क आणि डोनेत्स्क हे प्रदेश प्रत्यक्षात रशियाचेच आहेत हे अमेरिकेसह सर्वांनी धरून चालावे, असे त्यात एक कलम होते. मसुद्यावर पुढे बरीच घासाघीस झाली. पण असे कलम एका महासत्तेने कागदावर आणले आणि युरोप सोडला तर त्याने फारसे कोणी हादरले नाही. आपल्याकडे तर ‘युद्ध थांबतेय ना, मग झाले’ असाच सूर होता. हा सूर धोक्याचा आहे आणि तो सर्वांत जास्त आपल्यालाच महागात पडू शकतो.

युद्धाला बेकायदा ठरवणाऱ्या करारांपाशी पोलिस कधीच नव्हता. त्यांचे सारे बळ एका नियमात होते: लढून घेतलेली जमीन घेणाऱ्याच्या नावावर होत नाही. गावातला धटिंगण शेजाऱ्याचा बांध कोरतो, शेत बळकावतो, वर्षानुवर्षे पीकही काढतो; पण सातबाऱ्यावर मूळ मालकाचे नाव आहे तोवर त्याला ते शेत ना विकता येते, ना त्यावर कर्ज काढता येते. आता तलाठीच फेरफार नोंदवायला निघाला आहे.

हा नियम जन्मला तो एका फसलेल्या करारातून. 27 ऑगस्ट 1928 रोजी पॅरिसमध्ये पंधरा देशांनी केलॉग-ब्रियां करारावर सह्या केल्या. राष्ट्रीय धोरणाचे साधन म्हणून युद्धाचा त्याग आणि तंटे शांततेच्या मार्गानेच सोडवण्याचे वचन, एवढी दोनच खरी कलमे. करार मोडणाऱ्याला शिक्षा काय, याबद्दल चकार शब्द नाही. अमेरिकी सिनेटने तो 85 विरुद्ध 1 मतांनी मंजूर केला आणि पाठोपाठ पंधरा नव्या क्रूझर युद्धनौकांनाही मंजुरी दिली. ब्रिटनने तर जगातील काही प्रदेशांत आपले खास हितसंबंध आहेत आणि तिथे आपले हात मोकळे राहतील, असे सहीआधीच कळवून टाकले होते. त्या पंधरा देशांत भारतही होता. आपल्या वतीने सही केली ती लॉर्ड कशेंडन या ब्रिटिश मंत्र्याने. बारडोलीचा साराबंदीचा लढा नुकताच संपला होता, आणि ज्यांना स्वतःच्या शेतसाऱ्यावर बोलण्याचा अधिकार नव्हता त्यांच्या नावाने युद्धाचा त्याग जाहीर झाला!

तीन वर्षांत जपानने चीनचा मांचुरिया घेतला. युद्ध पुकारलेच नव्हते, त्यामुळे करार मोडला नाही असे म्हणायलाही जागा होती. जग काहीच करू शकले नाही, किंवा करू इच्छित नव्हते. पण जानेवारी 1932मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री स्टिमसन यांनी जाहीर केले की या करारातील वचन मोडून निर्माण केलेली परिस्थिती अमेरिका मान्य करणार नाही. तेव्हा हे दुबळेपणाचे लक्षण वाटले, आणि ते होतेही. चीनचा एक शेतकरीदेखील त्याने वाचला नाही.

तरीही पुढच्या काळात टिकले ते हेच. 1940मध्ये सोव्हिएत संघाने एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनिया गिळले. अमेरिकेने ते कधीच मान्य केले नाही. नामशेष झालेल्या या देशांच्या वकिलाती अमेरिकेत अर्धे शतक चालू राहिल्या. मुत्सद्दी वर्तुळांत हा चेष्टेचा विषय झाला असेल, पण 1991मध्ये या देशांना नवे राष्ट्र म्हणून जन्मावे लागले नाही. कुवेत इराकमध्ये विलीन झाल्याची घोषणा सुरक्षा परिषदेने 1990मध्ये एका दिवसात रद्दबातल ठरवली. 1945ची संयुक्त राष्ट्रांची सनद बळाचा वापर निषिद्ध ठरवते, पण तिच्या 51व्या कलमातली स्वसंरक्षणाची पळवाट एवढी रुंद झाली आहे की 2003मध्ये इराकवर आणि 2022मध्ये युक्रेनवर चाल करून जाणाऱ्यांनाही कायद्याची भाषा अपुरी पडली नाही. 25 फेब्रुवारी 2022 रोजी तर सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद ज्याच्याकडे होते त्या रशियानेच स्वतःविरुद्धचा ठराव नकाराधिकाराने पाडला. म्हणजे हल्ला रोखणे या व्यवस्थेला जमत नाही. जमत होते ते लुटीवर शिक्का न मारणे.

तो शिक्का युक्रेनच्या आधीच मारला गेला होता. इस्रायलने गोलन टेकड्यांवर आपला कायदा लागू केला, तो सुरक्षा परिषदेने 1981मध्ये एकमताने निरर्थक ठरवला होता. मार्च 2019मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी त्या टेकड्यांवरील इस्रायलचे सार्वभौमत्व मान्य करून टाकले. डिसेंबर 2020मध्ये पश्चिम सहारावर मोरोक्कोचा हक्क मान्य झाला, तोही मोरोक्कोने इस्रायलशी संबंध जोडण्याच्या बदल्यात. पुढे आलेल्या बायडन सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले नाहीत, हे युक्रेनच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी विसरू नये.

आता आपल्याविषयी. अक्साई चीनचा सुमारे 38 हजार चौरस किलोमीटर प्रदेश चीनच्या ताब्यात आहे. पाकिस्तानने 1963च्या करारान्वये शक्सगाम खोऱ्याचा 5,180 चौरस किलोमीटरचा तुकडा चीनला देऊन टाकला. पाकव्याप्त काश्मीर भारताचे आहे, असा ठराव संसदेने फेब्रुवारी 1994मध्ये एकमुखाने केला. अनेक दशकांचा ताबा समोरच्याकडे आहे, आणि तरी आपला दावा जिवंत आहे तो ताब्याने मालकी येत नाही या तत्त्वावर. असे असताना क्रिमियाच्या प्रश्नावर मार्च 2014मध्ये आमसभेत भारत तटस्थ राहिला. सप्टेंबर 2022मध्ये पंतप्रधानांनी समरकंदला पुतिन यांना आजचा काळ युद्धाचा नाही असे सुनावले. रशियाने चार प्रांत विलीन केल्याचा निषेध ऑक्टोबरात 143 देशांनी केला तेव्हा आपण पुन्हा तटस्थ. स्वस्त तेल, शस्त्रांचे सुटे भाग, जुनी मैत्री ही कारणे खोटी नाहीत. हल्ल्याचा निषेध करायचा की नाही, यावर मुत्सद्देगिरीला वाव असतो, हेही मान्य. पण विलीनीकरणावरचे मत ही वेगळी बाब आहे. तिथे आपण मित्राची मर्जी राखली नाही, स्वतःच्याच दाव्याची किंमत कमी केली.

यावर गोव्याचे उदाहरण तोंडावर फेकले जाते, आणि ते टाळून चालणार नाही. डिसेंबर 1961मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले तेव्हा अमेरिका आणि ब्रिटनने सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा ठराव आणला; सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. साडेचारशे वर्षांचा वसाहतवाद हेच आक्रमण आहे, अशी आपली बाजू होती. ती पटण्याजोगी होती, कारण 1928च्या करारातली खरी खोट तिने दाखवली: ज्यांचे जग लुटून झाले होते त्यांनी लूट थांबवण्याचा कायदा केला होता. जपानी नेत्यांवरील टोकियो खटल्यात न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी वेगळा निकाल देताना हेच बोट ठेवले. शिवाय गोव्याचा कागदही पुढे नीट झाला. हुकूमशाही कोसळल्यावर पोर्तुगालने 31 डिसेंबर 1974च्या तहाने भारताचे सार्वभौमत्व स्वतः मान्य केले. रशियाने घेतलेल्या मारियुपोलची तुलना या प्रकरणाशी करणाऱ्यांनी तिथल्या लोकांना कोणी विचारले होते, एवढे तरी सांगावे. बंदुकीच्या पहाऱ्यात उरकलेल्या सप्टेंबर 2022च्या मतदानाला विचारणे म्हणत नाहीत.

युक्रेनचा तह कधी होईल आणि त्यात कीवला काय गिळावे लागेल, हे आपल्या हातात नाही. थकलेला देश सीमेवरची रेषा स्वीकारेलही. तो त्याचा निर्णय. पण त्या तहाला इतर देशांच्या मान्यतेची मोहोर लागायची वेळ येईल तेव्हा दिल्लीकडेही कागद येईल. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने तोवर थांबू नये. बळाने घेतलेल्या प्रदेशाला कायदेशीर मान्यता देणाऱ्या कोणत्याही तहावर भारत सही करणार नाही, असे लेखी आश्वासन तिने सरकारकडून याच अधिवेशनात मागून घ्यावे, आणि ते देता येत नसेल तर 1994च्या ठरावाचे काय करायचे, हेही त्याच बैठकीत विचारावे.