भांडं आधी लोहचुंबकाला दाखवा



चातुर्मास जवळ आला की आमच्या अलिबागला इंडक्शनचा विषय निघतोच. पावसाळ्यात गॅसच्या ज्योतीवर येऊन पडणारे किडे बघवत नाहीत. यंदा तिघींनी मला विचारलं, "इंडक्शन घेतलं, आता भांड्यांचा सेट कुठला घेऊ?" माझं मत स्पष्ट आहे: सेट घेऊच नका.

इंडक्शनवर ज्योत नसते. काचेखालच्या तारेच्या वेटोळ्यात चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि भांड्याचा तळच तापतो. म्हणून तळाला लोहचुंबक घट्ट चिकटायला हवा. फ्रिजवरचा चुंबक काढा आणि मांडणीवरच्या एकेका भांड्याला लावून बघा. लोखंडी आणि बिडाचा तवा चालतो. स्टीलचं काही चालतं, काही नाही. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ चालत नाही, आतून कल्हई असली तरीही. तळ सपाट हवा. अगदी छोटं भांडं ठेवलं तर शेगडी त्याला ओळखतच नाही.

माझ्या घरात अशी पाच भांडी निघाली. विकत घेतला तो फक्त एक झाकणाचा टोप, उकाळलेल्या पाण्यासाठी.

कारण सासूबाईंच्या पाण्याच्या पितळी पातेल्याला चुंबक लागेना. मी ते मोडीत द्यायला निघाले होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पातेलं उचललं आणि फडताळात ठेवून दिलं.

पुढच्याच वर्षी, 3 जून 2020 ला, निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. विजेचे खांब आडवे झाले, दिवसच्या दिवस वीज नव्हती. इंडक्शन आणि माझा नवा टोप दोन्ही बसून राहिले. तेव्हा त्याच पितळी पातेल्यात गॅसवर पाणी उकाळलं. सासूबाईंचं एकासणं सुरू होतं, ते मोडलं नाही. मी मात्र त्यांच्याकडे बघायची टाळत होते.

म्हणून जुनं मोडीत घालायची घाई नको. आपल्या किनाऱ्यावर तर नाहीच.

आणि इंडक्शन आणलं म्हणजे हिंसा संपली, असंही समजू नका. विजेत जीव मानायचे की नाही, यावर आपल्या संप्रदायांत एकमत नाही; ते महाराज साहेबांना विचारावं. मला दिसतं ते एवढंच की शेगडीखालच्या पंख्याच्या जाळीत मुंग्या आणि झुरळं उबेला बसतात. गॅस पेटवण्याआधी पुंजणी फिरवतो, तशीच बटण दाबण्याआधी शेगडी उचलून खालीही फिरवावी. जयणा आपल्या हातात असते, यंत्रात नसते.

जयणेच्या नावाखाली सात नवी भांडी घरात आली, तर अपरिग्रहाचं काय? आधी घरातली भांडी तपासा. मग जे खरंच अडेल, तेवढंच आणा.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.