प्रयोगवहीतील सत्य

सियालदह स्थानकापासून पश्चिमेस जाणाऱ्या बहूबाजार मार्गावरील प्रयोगशाळेत चंद्रशेखर व्यंकट रामन व के. एस. कृष्णन यांनी १९२८ मध्ये प्रकाशाच्या विकिरणाचे प्रयोग केले. १६ फेब्रुवारी १९२८ ही तारीख असलेले, 'नेचर' नियतकालिकास धाडलेले त्यांचे टिपण अगदी छोटे आहे. तरीही दुर्बिणीच्या भिंगाचा व्यास १८ सेंटिमीटर, नाभीय अंतर २३० सेंटिमीटर, तपासलेले द्रव सुमारे साठ, हे सारे त्यात नमूद आहे. ही निव्वळ प्रतिदीप्ती कशावरून नव्हे, या शंकेचे उत्तरही आहे. वाचणाऱ्यास तोच प्रयोग पुन्हा करून पाहता यावा, इतके ते स्वच्छ आहे.

आपल्या शाळांतील प्रयोगवह्यांत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे मथळे सुबक असतात. निरीक्षण मात्र बहुधा पुस्तकातले असते. एका शाळेच्या तपासणीत मला सर्व वह्यांत लंबकाचे वाचन दशांशापर्यंत सारखेच आढळले. मुले लबाड नव्हती. वेगळे वाचन लिहिले की गुण कापले जातात, एवढे ती शिकली होती.

हीच मुले पुढे अभियंते, तलाठी, अधिकारी होतात. मग जागेवर न जाताच पाहणी अहवाल लिहिला गेला, तर नवल कसले?

यास्तव माझी सूचना साधी आहे. अनपेक्षित वाचन जसेच्या तसे नोंदवून त्याचे संभाव्य कारण देणाऱ्या विद्यार्थ्यास पूर्ण गुण द्यावेत. त्यास निधी लागत नाही. वही तपासणाऱ्याने आपली दृष्टी बदलली तरी पुरे.