पी-वन तिकिटाला एसएलए नाही?

मंडळी, या वीकएंडला विषय जरा कोर्टाचा आहे. घाबरू नका, झेपेल एवढाच :-)

ऑफिसात प्रॉडक्शन बंद पडलं की पी-वन तिकीट निघतं. बाकी कामं बाजूला, घड्याळ सुरू. कायद्यातलं असं तिकीट म्हणजे हेबियस कॉर्पस. "या माणसाला कुठल्या कायद्याने आत ठेवलंय ते दाखवा, नाहीतर सोडा," एवढीच मागणी. कलम २२६ खाली हायकोर्टात किंवा ३२ खाली थेट सुप्रीम कोर्टात जाता येतं. आतल्या माणसाच्या वतीने आई, बायको, मित्रही अर्ज करू शकतात.

आमच्या बीडच्या माणसाला याची गरज पडू शकते ती एमपीडीएमुळे. कायदा १९८१ चा. हातभट्टीवाले, धोकादायक व्यक्ती आणि नंतर यादीत आलेले वाळूतस्कर यांना खटला न चालवता १२ महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करता येतं. आदेश जिल्हाधिकारी काढतात. गोदाकाठच्या गेवराईत वाळू हे काय प्रकरण आहे ते बीडकरांना सांगायला नको!

याच कायद्यात सरकारला पक्क्या डेडलाइन्स आहेत. कारणं ५ दिवसांत कळवायची. आदेशाला १२ दिवसांत राज्य सरकारची मंजुरी. ३ आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळाकडे, आणि स्थानबद्ध केल्यापासून ७ आठवड्यांत मंडळाचा अहवाल. पण आदेशाला हायकोर्टात आव्हान दिलं, तर निकाल अमुक दिवसांत लागलाच पाहिजे असं हा कायदा कुठेच म्हणत नाही. नोटीस, प्रतिज्ञापत्राला मुदत, पुढची तारीख... निकाल आठव्या महिन्यात लागला, तर जिंकलेल्या माणसाने दोन तृतीयांश काळ आत काढलेलाच असतो. ते महिने परत कोण देणार?

"गुंडांचा एवढा पुळका कशाला?" असं कुणीतरी म्हणेलच. अहो, गुन्हा केला असेल तर खटला चालवा, शिक्षा द्या. या याचिकेत कोर्ट तपासतं ते आदेश कायद्याप्रमाणे निघाला का एवढंच. आदेश नीट असेल तर सरकारलाही झटपट निकाल सोयीचाच.

१९७६ मध्ये, आणीबाणीत, सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध १ मतांनी हा दरवाजाच बंद केला होता. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात गेले. तो निकाल २०१७ मध्ये मोडीत निघाला. बिहारचा रुदल शाह १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही १४ वर्षं तुरुंगातच होता. १९८३ मध्ये त्याच्या हेबियस कॉर्पस याचिकेवर सुप्रीम कोर्टाने नुकसानभरपाई दिली. पण गेलेली वर्षं गेलीच.

बीडच्या माणसाला न्यायासाठी मुंबई गाठावी लागू नये म्हणून १९८१ मध्येच औरंगाबादला (आजचं छत्रपती संभाजीनगर) खंडपीठ आलं. अंतर कमी झालं, आता वेळ कमी करा. सरकारला उत्तरासाठी एक आठवडा, निकालाला चार आठवडे. उत्तर आलं नाही तर आहे त्या कागदांवर निर्णय.

असो. तुमचं काय मत? चार आठवडे जास्त होतात की कमी?