तेनकाराचे हात थकण्याआधी

जपानच्या डोंगरदऱ्यांत मासेमारीची एक जुनी रीत अजून जिवंत आहे. एक लांब काठी, तिच्या टोकाला बांधलेली दोरी आणि दोरीच्या शेवटी गळावर बांधलेली पिसांची बनावट माशी, एवढंच तिचं सामान. रीळ नाही, आमिषाला गांडूळ नाही. या रीतीला तेनकारा म्हणतात आणि त्या पिसांच्या माशीला केबारी. ज्यांच्या हातांत ही विद्या पुरी मुरलेली आहे, त्यांतले बहुतेक आज म्हातारे झाले आहेत. त्यांच्या हातांच्या, बघून शिकता येईल अशा फिल्म्स आत्ताच काढून ठेवल्या पाहिजेत, आणि त्या कामात मराठी माणसांनीही उतरलं पाहिजे, एवढं एकच सांगण्यासाठी हा लेख आहे.

तेनकारा ही हौशी मंडळींची करमणूक म्हणून जन्मली नाही. डोंगरातली गरीब माणसं तिच्यावर पोट भरत. उंचावरच्या थंड, खळाळत्या ओढ्यांतले इवाना, यामामे आणि अमागो हे मासे पकडायचे आणि गरम पाण्याच्या झऱ्यांकाठच्या धर्मशाळांना, खाणावळींना विकायचे, हा त्यांचा धंदा. १८७८ मध्ये ब्रिटिश मुत्सद्दी अर्नेस्ट सॅटो तातेयामा पर्वताच्या परिसरात फिरले, तेव्हा तिथे पिसांच्या माशीवर इवाना पकडतात, ही नोंद त्यांनी रोजनिशीत केली. डोंगरातल्या या कोळ्यांनी स्वतः मात्र काहीच लिहून ठेवलं नाही. ज्याचा ओढा त्याची युक्ती. शेजाऱ्याला ती कळली तर पोटावर पाय येणार, म्हणून बापाकडून मुलाकडे, मामाकडून भाच्याकडे, एवढीच तिची वाट होती. त्यामुळे प्रत्येक खोऱ्याची केबारी वेगळी, पीस वेगळं, दोरी वळायची तऱ्हा वेगळी.

आता ही वाटच बंद होत चालली आहे. डोंगरातली तरुण पिढी शहरात गेली. २०२३ च्या सरकारी पाहणीत जपानमध्ये सुमारे ९० लाख घरं रिकामी आढळली. शहरं सोडून डोंगरात शिरलं की ही रिकामी घरं रांगेनं दिसू लागतात. गाळ अडवण्यासाठी ओढ्याओढ्यांवर काँक्रीटचे बंधारे झाले आणि माशांच्या वाटा तुटल्या. मासे विकून कुटुंब पोसणारा डोंगरकोळी जवळपास इतिहासजमा झाला. हौसेपोटी ही रीत जपणारे जुनेजाणते अजून आहेत. त्यांनी त्या धंदेवाईक कोळ्यांना डोळ्यांनी पाहिलं, काहींनी त्यांच्या हाताखाली शिकून घेतलं. हा दुवा निखळला की मागे फक्त वस्तू उरतील. केबारी संग्रहालयात काचेमागे ठेवता येईल, पण ती बांधली कशी आणि पाण्यावर खेळवली कशी, हे त्या काचेमागून कुणाला कळणार?

कुणी म्हणेल, तेनकारा तर जगभर पसरली आहे, मग चिंता कसली? पसरली हे खरं, आणि आनंदाचंही आहे. २००९ मध्ये आइची प्रांतातले प्राध्यापक हिसाओ इशिगाकी यांनी अमेरिकेतल्या कॅटस्किल डोंगरात या रीतीचं प्रात्यक्षिक दाखवलं. त्याच वर्षी मूळचे ब्राझीलचे डॅनिएल गॅल्हार्दो यांनी अमेरिकेत तेनकाराच्या काठ्या विकणारी कंपनी काढली. पॅटागोनिया कंपनीचे संस्थापक इव्हॉन श्विनार्ड यांनी २०१४ मध्ये दोन सहलेखकांसोबत साध्यासोप्या मासेमारीवर पुस्तक लिहिलं, त्यातही तेनकाराला मानाची जागा आहे. पण जगभर गेली ती मुख्यतः नवी तेनकारा, घडी घालून पिशवीत मावणारी कार्बनची काठी आणि कारखान्यात तयार झालेली दोरी. कळकाची काठी, घोड्याच्या शेपटीचे केस पिळून टोकाकडे निमुळती करत आणलेली दोरी आणि खोऱ्याखोऱ्यातल्या केबारी मागेच राहिल्या. मासेमारांच्या फिल्म्सचा आज तोटा नाही, पण त्यांतल्या बहुतेक सामानाची ओळख करून देतात किंवा पकडलेला मासा मिरवतात. हात कसा चालतो हे धीरानं दाखवणाऱ्या अगदी थोड्या.

एक केबारी बांधताना नीट पाहिलं की फिल्मच का हवी ते कळतं. जुना कारागीर गळ शिकंज्यात अडकवत नाही, डाव्या हाताच्या चिमटीत धरतो. पूर्वीच्या गळाला नेढं नसायचं. दांडीच्या टोकाला रेशमी दोऱ्याचा बारीक फास घट्ट बांधून ते करून घ्यावं लागे. मग दांडीवर दोऱ्याचे वेढे आणि त्यांवर फेझंट पक्ष्याच्या मादीचं तपकिरी पीस. खरी मेख इथे आहे. पाश्चात्त्य माशीत पिसाचे तंतू सहसा मागे, काट्याकडे झुकतात. साकासा, म्हणजे उलट्या पिसाच्या, केबारीत ते पुढे, नेढ्याच्या बाजूला उघडतात. प्रवाहात दोरी हलकेच ओढली की तंतू मिटतात, सैल सोडली की पुन्हा फुलतात, आणि पाण्यात जिवंत किडा धडपडतोय असं माशाला वाटतं. धडासाठी काही भागांत झेन्माई नावाच्या नेच्याच्या कोवळ्या कोंबावरची लव वापरतात. ती वसंतातच मिळते. ती वाळवून ठेवायची आणि दोऱ्याबरोबर पीळ देत गुंडाळायची.

हे सगळं मी लिहिलं, तुम्ही वाचलं, आणि तरीही माशी कुणाला बांधता येणार नाही. पिसाला किती ताण द्यायचा, तंतू पुढे उभे राहावेत म्हणून दोरा त्यांच्या मुळाशी कुठल्या बाजूनं दाबायचा, अंगठ्याचं नख नेमकं कुठे टेकवायचं, हे शब्दांत मावत नाही. उकडीच्या मोदकाच्या कळ्या पुस्तक वाचून कुणाला आल्या आहेत का? आजीच्या बोटांकडे बघतच त्या येतात. आजी नसेल तर तिच्या बोटांची फिल्म तरी हवी.

पाण्यावरचं कसब तर आणखी सूक्ष्म. काठीची मूठ हलकी धरून तर्जनी तिच्यावर सरळ टेकवलेली असते. काठी मागे जाते, डोक्याच्या वर क्षणभर थबकते, पुढे येते. आधी माशी पाण्याला टेकते आणि दोरी हवेतच राहते. दोरी पाण्यात पडली की प्रवाह तिला ओढतो, माशी भलतीकडे सरकते आणि मासा सावध होतो. मग माशी नुसती वाहू द्यायची की थांबवून नाचवायची, दगडाआडच्या संथ पाण्यात किती वेळ ठेवायची, याचा निर्णय मनगट घेतं. इशिगाकी वर्षानुवर्षं जवळजवळ एकाच प्रकारच्या माशीवर मासे पकडत आले. अशा माणसाची माशी हाती आली तरी त्याचं मनगट येत नाही. ते पाहूनच शिकावं लागतं.

असं काम जपानमध्ये आधी झालेलं आहे. निइगाता प्रांतातलं ओकुमिओमोते हे डोंगरातलं गाव धरणाखाली जाणार हे ठरलं, तेव्हा माहितीपटकार तादायोशी हिमेदा आणि त्यांचे सहकारी तिथे घर घेऊन राहिले. गावकऱ्यांची शेती, शिकार, मासेमारी आणि झेन्माईची वेचणी त्यांनी ऋतूंमागून ऋतू चित्रित केली. १९८४ मध्ये तो चित्रपट पुरा झाला आणि १९८५ मध्ये गाव उठलं. आज ते खोरं पाण्याखाली आहे, पण तिथली माणसं कशी जगत होती ते आपण बघू शकतो, कारण काही जण वेळेवर पोचले. तेनकारासाठीही कुणीतरी असंच वेळेवर पोचलं पाहिजे.

सरकार बघेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. ह्योगो प्रांतातल्या निशिवाकी परिसरात बनणाऱ्या बान्शू केबारीला १९८७ मध्ये राष्ट्रीय पातळीवर पारंपरिक हस्तकलेचा दर्जा मिळाला. ती आयू माशासाठी बनते. तिचे कारागीर आहेत, तिची बाजारपेठ आहे. डोंगरातल्या कोळ्याची केबारी त्याच्या चुलीशेजारी बनली आणि त्याच्याच टोपीत खोचली गेली. तिला दुकान नव्हतं, संघ नव्हता, म्हणून असा दर्जा तिच्या वाट्याला आला नाही. तिच्या बाजूनं बोलायला आज तिच्यावर जीव असलेली माणसंच आहेत.

या फिल्म्स कशा हव्यात, तेही स्पष्ट बोलू. कॅमेरा कारागिराच्या खांद्यामागून असावा, म्हणजे शिकणाऱ्याला हात आपलेच असल्यासारखे दिसतील. एक माशी सुरुवातीपासून शेवटच्या गाठीपर्यंत एकदा न कापता दाखवावी. नंतर तीच माशी टप्प्याटप्प्यानं, जवळून. पार्श्वभूमी साधी आणि गडद, दोरा उठून दिसेल अशा रंगाचा. पीस निवडणं, केस पिळणं, लव वाळवणं ही आधीची तयारी गाळू नये, कारण सगळ्यात आधी तीच विसरली जाते. ओढ्यावर पाण्याची चकाकी कापणारं भिंग लावावं, मनगटाची हालचाल मंद गतीत घ्यावी. वर संगीत नको, पाण्याचा आवाज पुरे. माशी बिघडली किंवा मासा सुटला तर तेही ठेवावं. काय चुकलं हे म्हातारा सांगतो तेव्हाच शिकणाऱ्याच्या पदरात काही पडतं.

विश्वासाची बाजूही तितकीच महत्त्वाची. ज्यांची फिल्म काढायची त्यांची लेखी संमती घ्या. त्यांचा ओढा नेमका कुठे आहे हे त्यांच्या परवानगीशिवाय दाखवू नका. लहान ओढ्यावर गर्दी लोटली तर मासेच संपतील. मूळ चित्रीकरणाची एक प्रत त्यांच्या घरच्यांकडे आणि एक गावच्या वाचनालयात किंवा संग्रहालयात ठेवा. त्यांच्या गावची बोली जशी आहे तशी ध्वनिमुद्रित करा, तिला शहरी वळण देऊ नका.

आता आपला वाटा. पुण्यात हजारो विद्यार्थी जपानी शिकतात. त्याच पुण्यात चित्रपट शिकवणारी देशातली नामवंत संस्था आहे. भाषा जाणणारे आणि कॅमेरा जाणणारे एकाच शहरात असताना आपण हात बांधून का बसावं? जपानी येणाऱ्यांनी जुन्या कारागिरांच्या मुलाखतींना मराठी आणि इंग्रजी उपशीर्षकं द्यावीत. बोली अडली तर त्या गावच्या तरुणाला सोबत घ्यावं. एरवी आजोबांचं न ऐकणारा नातू या निमित्तानं त्यांच्याजवळ बसेल, हाही फायदाच. टोकियोत राहणाऱ्या मराठी मंडळींना ओकुतामाचे डोंगर ओमे मार्गाच्या गाडीनं गाठता येतात. तिथल्या मच्छीमार संघाचं दिवसाचं परवानापत्र काढा, ओढ्यावर जा, भेटतील त्यांच्याशी अदबीनं बोला. ज्यांना गळाचा नाद आहे त्यांनी आधी स्वतः माशी बांधायला बसावं. दहा माश्या बिघडल्या की म्हाताऱ्याला काय विचारायचं ते आपोआप कळतं. ज्यांच्याकडे यातलं काही नाही, पण पैसा आहे, त्यांनी एका कॅमेरावाल्याचा प्रवासखर्च उचलावा.

परदेशातल्या विद्येसाठी आपण का झटावं, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर साधं आहे. माणसाच्या हातांनी शेकडो वर्षांत जे कमावलं, ते कुठल्याही देशात बुडालं तरी नुकसान सगळ्यांचं. आणि मदत करण्याची ताकद आपल्यापाशी असताना ती न वापरणं शोभत नाही.

बहुतेक ओढ्यांवर मासेमारीचा हंगाम मार्च ते सप्टेंबर असतो. ऑक्टोबरपासून ओढे बंद, आणि हिवाळाभर कारागीर घरी बसून पुढच्या हंगामाच्या माश्या बांधतात. हातांचं चित्रीकरण करायचं ते तेव्हा. मार्च उजाडला की त्याच माणसाबरोबर पाण्यावर जायचं. म्हणजे पत्र आत्ता लिहायचं, ओळख आत्ता काढायची, दोघातिघांचा गट आत्ता बांधायचा. एका खोऱ्यातली एक माशी पुरती चित्रित करा, त्या गावाला प्रत देऊन या आणि पुढच्या खोऱ्याचा पत्ता घेऊनच निघा. काम मोठं आहे, पण ते एकेका माणसानं, एकेका माशीनं होणारं आहे, आणि त्यातली पहिली माशी तुम्हाला या हिवाळ्यातच पदरात पाडून घेता येईल.